कोणते रेचक, कोणासाठी आणि किती दिवस?

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका बाईंनी आपल्या आईविषयी विचारले आहे. आईंचे वय ७४ वर्षे. गेली वीसेक वर्षे त्या रोज रात्री पोट साफ होण्याचे चूर्ण घेतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचा सांधा बदलला आणि तेव्हापासून चूर्णही लागू पडेनासे झाले. शेजारच्यांनी ईसबगोल सुचवले, त्याने पोट फुगले. औषधाच्या दुकानातून लॅक्ट्युलोजचे गोड सिरप आणले, पण दोन रात्रींत गुण आला नाही म्हणून ते सोडले. आता घरातले एक वडीलधारे एरंडेल द्या म्हणत आहेत. यांतले नेमके काय द्यावे आणि ‘या औषधांची आतड्याला सवय लागते’ हे खरे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पोटाच्या विकारांचे रुग्ण मी या शहरात अठ्ठावीस वर्षे पाहत आहे. आपल्याकडे रेचके ‘हलके’ आणि ‘कडक’ अशी जोखली जातात आणि हलक्याने भागले नाही की कडक द्यायचे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. वास्तविक या औषधांत फरक आहे तो मुख्यतः ती शरीरात काय करतात याचा. आपल्या परंपरेला हे ठाऊक होते; आयुर्वेदात अनुलोमन, स्रंसन, भेदन आणि रेचन असे चार वेगळे प्रकार सांगून हिरडा, बाहवा, कुटकी आणि निशोत्तर ही त्यांची अनुक्रमे उदाहरणे दिली आहेत. म्हणून आईंना काय द्यावे हे ठरवण्यापूर्वी त्यांचा मळ कशामुळे अडला आहे, ते पाहावे लागते.

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज सुमारे एक ते दीड लिटर पातळ द्रव उतरतो आणि शौचावाटे त्यातले शे-दीडशे मिलिलिटर पाणीच बाहेर पडते. बाकीचे मोठे आतडे शोषून घेते. मळ जितका जास्त वेळ आत रेंगाळतो तितका तो कोरडा होतो आणि त्याचे खडे बनतात. हे रेंगाळणे आतड्याच्या मंद हालचालीमुळे होऊ शकते, आहारात चोथा आणि पाणी कमी असल्यामुळे होऊ शकते, किंवा मळ गुदाशयापर्यंत व्यवस्थित येऊनही बाहेरचे स्नायू वेळेवर सैल न पडल्यामुळे होऊ शकते. या तिसऱ्या प्रकारात कुठलेही औषध पुरे पडत नाही. ते स्नायू सैल सोडण्याचे प्रशिक्षण, म्हणजे बायोफीडबॅक, हाच तेथे खरा उपचार आहे, आणि वर्षानुवर्षे रेचके बदलत बसलेल्या रुग्णांत असे बरेच जण निघतात.

प्रथम ईसबगोलाविषयी. घोड्याच्या कानासारख्या आकारावरून त्याला हे फारसी नाव पडले आणि त्याची मोठी बाजारपेठ आपल्याच राज्यात, मेहसाणा जिल्ह्यातील उंझ्याला आहे. त्यामुळे गुजरातेत ते प्रत्येक घरात असते आणि घरचेच म्हणून बेफिकिरीने घेतले जाते. ईसबगोल आतड्याला ढकलत नाही. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते, मळाचे आकारमान वाढवते, आणि त्या ताणामुळे आतडे आपणहून हालचाल करते. माझ्या टेबलावर मी दोन पेले ठेवतो. एका पेल्यात पाव लिटर पाणी आणि एक चमचा भुसा घालून ढवळतो, दुसऱ्यात तेवढाच भुसा अर्ध्या कप पाण्यात घालतो. रुग्णाशी बोलणे चालू असतानाच पहिल्या पेल्यात पातळ, सहज ओतता येईल असा बुळबुळीत द्रव तयार होतो आणि दुसऱ्यात चमचा उभा राहील असा गोळा. पाणी कमी पडले तर पोटात दुसऱ्या पेल्यासारखी अवस्था होते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कोणाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

म्हणून ईसबगोल एक-दोन चमचे, भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावे, त्यावर आणखी एक पेला पाणी घ्यावे आणि ते घेऊन ताबडतोब आडवे होऊ नये. इतर गोळ्या आणि ईसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गुण दिसायला दोन-तीन दिवस लागतात. सुरुवातीला पोट थोडे फुगते, त्यामुळे अर्ध्या चमच्याने आरंभ करून आठवडाभरात मात्रा वाढवलेली बरी. ज्याचे जेवण मैद्याचे आणि बैठक दिवसभराची आहे, पण आतडे निरोगी आहे, अशा मध्यमवयीन माणसासाठी याच्याइतके चांगले औषध नाही, आणि ते वर्षानुवर्षे घेतले तरी चालते. मात्र जो अंथरुणाला खिळला आहे, पाणी जेमतेम पितो, ज्याला गिळायला त्रास होतो, ज्याच्या गुदाशयात आधीच खडा अडकला आहे किंवा जो अफूवर्गीय वेदनाशामके घेत आहे, त्याला ईसबगोल देऊ नये. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मी पक्षाघाताने अंथरुणात असलेल्या एका आजींना ईसबगोल लिहून दिले होते. आठवड्याभराने त्यांच्या गुदाशयातला घट्ट गोळा बोटाने काढावा लागला. त्यांचा तो त्रास मी आजही विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून वृद्ध रुग्ण दिवसाला किती पाणी पितो हे विचारल्याशिवाय मी ईसबगोल लिहीत नाही.

दुसरा वर्ग आतड्यात पाणी ओढून आणणाऱ्या औषधांचा. लॅक्ट्युलोज ही प्रयोगशाळेत बनवलेली जोड-साखर आहे. ती लहान आतड्यात पचत नाही, तशीच मोठ्या आतड्यात पोचते. तेथले जिवाणू तिच्यापासून आम्ले तयार करतात, ही आम्ले आणि न पचलेली साखर पाणी ओढून घेतात आणि मळ मऊ होतो. याच आंबण्यामुळे वायूही होतो, म्हणून काहींना ती सोसत नाही. तिचा परिणाम दिसायला २४ ते ४८ तास लागतात, कधी त्याहूनही थोडा जास्त वेळ. या बाईंच्या आईंनी ती दोन रात्रींत सोडली, म्हणजे औषधाला पुरेसा अवधीच मिळाला नाही. रात्री घेतले आणि सकाळी मोकळे झाले, या चूर्णाच्या हिशेबाने लॅक्ट्युलोज जोखणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. यकृताच्या गंभीर आजारात मेंदूवर परिणाम होऊ नये म्हणूनही हेच औषध देतात, आणि तेथे ते बंद करणे धोक्याचे असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

याच वर्गातले पॉलिएथिलीन ग्लायकॉल मला वृद्धांसाठी अधिक पसंत आहे. ही बेचव पूड असते. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा १७ ग्रॅम, एक पेलाभर पाण्यात विरघळवून, दिवसातून एकदा. ती आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, जिवाणू तिला आंबवत नाहीत, त्यामुळे वायू कमी होतो, आणि तिच्यात साखर नसल्याने मधुमेहाची चिंता राहत नाही. एक ते तीन दिवसांत गुण येतो. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या, आदल्या दिवशी लिटर-लिटर प्यायला देतात ते द्रावण याच पदार्थाचे, क्षार मिसळलेले असते. त्यामुळे नाव ऐकून घाबरणाऱ्यांना मी सांगतो की रोजची मात्रा त्या मानाने अगदी लहान आहे. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी २०२३ साली जुनाट बद्धकोष्ठतेसाठी एकत्रितपणे ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत या औषधाला ठाम शिफारस आहे, तर चोथ्याची पूरके, लॅक्ट्युलोज आणि सोनामुखी यांना सशर्त.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे पांढरे औषधही पाणी ओढूनच काम करते आणि अर्ध्या तासापासून सहा तासांत परिणाम दाखवते. मूत्रपिंडे निरोगी असतील तर अधूनमधून घ्यायला हरकत नाही. पण मूत्रपिंडे अधू असतील तर मॅग्नेशियम रक्तात साठते आणि रुग्णाला गुंगी, अशक्तपणा, हृदयाच्या ठोक्यांतले बिघाड होऊ शकतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक, तपासल्याशिवाय हे रोज देऊ नये. फॉस्फेटच्या एनिमाबाबतही हीच सावधगिरी हवी.

आता आईंच्या चूर्णाकडे येतो. बाजारातल्या बहुतेक चूर्णांचा मुख्य घटक सोनामुखीची पाने हा असतो. इथले गुजराती शेजारी तिला मींढी आवळ म्हणतात. सोबत हिरडा, ओवा, संचळ, कधी जेष्ठमध. सोनामुखीतले घटक मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे कार्यक्षम होतात, आतड्याच्या भिंतीला चेतवतात, हालचाल वाढवतात आणि पाणी परत शोषले जाऊ देत नाहीत. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणूनच रात्री घेतलेले सकाळी काम करते. बिसॅकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि सोडियम पिकोसल्फेट हीदेखील चेतवणारीच औषधे आहेत. बिसॅकोडिलच्या गोळीवर असे आवरण असते की ती जठरात विरघळू नये. दुधाने किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाने ते आवरण वेळेआधी उतरते आणि मग जोराची कळ व मळमळ होते. आपल्याकडे झोपण्यापूर्वी कपभर दूध पिण्याची आणि त्याच घोटाबरोबर गोळी गिळण्याची पद्धत आहे. ‘ती गोळी मला बाधते’ म्हणणाऱ्या निम्म्या-अधिक रुग्णांच्या बाबतीत मला कारण दुधातच सापडले आहे. गोळी पाण्याबरोबर, अख्खी, दूध पिण्याआधी किंवा नंतर किमान एक तासाचे अंतर ठेवून घ्यावी.

एरंडेलही चेतवणारेच, पण ते लहान आतड्यातच विघटित होऊन दोन ते सहा तासांत जोरदार जुलाब घडवते. देशात एरंडीचे सर्वाधिक उत्पादन गुजरातेत होते आणि आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत घरातल्या सगळ्या मुलांना ओळीने उभे करून ते पाजले जाई, त्यामुळे त्याविषयी जिव्हाळा आहे हे मी समजू शकतो. तरीही ७४ वर्षांच्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, काठीच्या आधाराने चालणाऱ्या बाईंना ते देऊ नका. घाईची कळ आली आणि बाथरूमकडे धावताना त्या पडल्या, तर नव्या सांध्याचे नुकसान बद्धकोष्ठतेपेक्षा कितीतरी मोठे असेल. गरोदरपणातही एरंडेल टाळावे. त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात.

सवयीचा प्रश्न नीट उलगडून सांगितला पाहिजे. सोनामुखीने किंवा बिसॅकोडिलने आतड्याच्या नसा मरतात आणि आतडे कायमचे आळशी होते, असे पूर्वी आम्हालाही शिकवले गेले होते. योग्य मात्रेत घेतल्यास असे होते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. सोनामुखी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याचे अस्तर तपकिरी-काळसर दिसते. अहवालात ते वाचून रुग्ण हादरतात, पण हा रंग निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरतो. मग लोकांना सवय लागली असे का वाटते? चूर्णाने एका सकाळी संपूर्ण मोठे आतडे रिकामे होते. ते पुन्हा भरायला एक-दोन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी शौचाला होत नाही, कारण बाहेर पडण्याजोगे आत काही नसते. पण माणूस त्याला बद्धकोष्ठता समजून रात्री पुन्हा चूर्ण घेतो. आतडे भरून आपणहून जाग यायची संधी त्याला कधी मिळतच नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत काहीही निरोगी असू शकते; रोज सकाळी ‘साफ’ झालेच पाहिजे हा आग्रह या चक्राच्या मुळाशी असतो.

चूर्णाचा खरा धोका मला दिसतो तो पोटॅशियमचा. जास्त मात्रेने वारंवार पातळ शौच होऊन पोटॅशियम कमी होते; जेष्ठमध तेच करते; आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिघांचा परिणाम एकत्र येतो. पायांत गोळे येणे, गळून जाणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जातात. शिवाय संचळ म्हणजे मीठच, आणि ते रक्तदाबाच्या रुग्णाच्या पोटात रोज रात्री जात असते. आईंचे चूर्ण चालू असेल तर एकदा सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

बाकीची औषधे थोडक्यात. डॉक्युसेट मळ मऊ करते असे म्हणतात, पण त्याच्या उपयुक्ततेचा पुरावा कमकुवत आहे आणि मी ते लिहीत नाही. लिक्विड पॅराफिन हे बुळबुळीत खनिज तेल अनेक पांढऱ्या मिश्रणांत असते. वृद्धाला ठसका लागून ते फुप्फुसात गेले तर विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होतो, म्हणून गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना आणि झोपून औषध घेणाऱ्यांना ते देऊ नये. ग्लिसरिनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची वडी, मळ अगदी तोंडाशी अडला असेल तेव्हा पाऊण-एक तासात काम करते आणि सुरक्षित आहे. प्रुकॅलोप्राइड, लुबिप्रोस्टोन, लिनॅक्लोटाइड ही नवी औषधे नेहमीची औषधे नीट घेऊनही गुण न आलेल्यांसाठी आहेत. ती तज्ज्ञाने तपासून द्यावीत.

आईंच्या बाबतीत माझ्या मते झाले ते असे. शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी अनेकदा ट्रामाडॉलसारखे अफूवर्गीय औषध देतात. ते आतड्याची हालचालच मंदावते. जोडीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात. त्यांनीही मळ घट्ट होतो. चालणे थांबते. लघवीला वारंवार उठावे लागू नये म्हणून अशा रुग्ण पाणी मुद्दाम कमी पितात. आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा कोणी विचारत नाही. आयुष्यभर उकिडवे बसणाऱ्या बाईंना आता कमोडवर, तेही वर उंच केलेल्या सीटवर बसावे लागते आणि पाय धड जमिनीला टेकत नाहीत. उकिडवे बसल्यावर गुदाशयाचा वळलेला मार्ग सरळ होतो; उंच सीटवर तो वळलेलाच राहतो आणि कुंथावे लागते. अशा स्थितीत ईसबगोलाने फक्त आकारमान वाढले आणि पोट फुगले, हे अपेक्षितच होते.

म्हणून सर्वांत आधी त्यांच्या डॉक्टरांकडून गुदाशयाची बोटाने तपासणी करून घ्या. खडा अडकलेला असेल तर वरून कुठलेही रेचक देण्यापूर्वी तो सपोझिटरीने किंवा एनिमाने खालून मोकळा करावा लागतो. अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ पाणी झिरपते आणि घरच्यांना जुलाब झाले असे वाटते. अशाच एका आजोबांना घरच्यांनी तीन दिवस जुलाब थांबवण्याच्या गोळ्या देऊन माझ्याकडे आणले होते. धोतराला डाग पडत होते आणि आत मुठीएवढा खडा होता. मार्ग मोकळा झाला की रोज रात्री पॉलिएथिलीन ग्लायकॉल, आणि वेदनेचे ते औषध चालू आहे तोवर एक दिवसाआड सोनामुखीची गोळी किंवा बिसॅकोडिल, अशी जोडी मी अशा रुग्णांना देतो. चूर्ण तेवढ्यापुरते बंद ठेवावे, म्हणजे सोनामुखी दोनदा जाणार नाही. वेदना आटोक्यात असेल तर ट्रामाडॉलऐवजी पॅरासिटामॉलवर येता येईल का, आणि लोह-कॅल्शियम खरोखर किती दिवस हवे आहे, हे सांध्याच्या डॉक्टरांना विचारा. कमोडपुढे ठेवायला बुटके स्टूल चालेल का, तेही त्यांनाच विचारा. चेतवणारे औषध वेदनाशामक थांबल्यावर दोन आठवड्यांत कमी करत न्यावे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल त्यानंतरही चालू ठेवायला हरकत नाही.

सकाळचा चहा आणि नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांत त्यांना कमोडवर बसवा, कारण जठर भरले की मोठे आतडे आपोआप हालते आणि ही जाग वर्षानुवर्षे चूर्णाखाली दबलेली असते. दहा मिनिटांहून जास्त बसवू नका आणि कुंथायला सांगू नका. नाश्त्याला गाठिया आणि जलेबीऐवजी आपल्या इथली सेव-उसळ, शेव थोडी आणि वाटाणा जास्त अशी, आठवड्यातून दोनदा दिली तरी तो चांगला चोथा आहे. पेरू, पपई, भिजवलेले अंजीर चालतील. मधुमेह असेल तर प्रमाणात. बडोद्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा अर्धा-एक लिटर जास्त लागते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर मात्र आपल्या मनाने वाढवू नका.

पोट दगडासारखे ताठ झाले, उलट्या होऊ लागल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर कोणतेही रेचक न देता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. आतड्यात अडथळा असताना दिलेला जुलाब आतडे फाडू शकतो. शौचावाटे रक्त, काळा मळ, वजनात घट, नव्याने आढळलेला रक्तक्षय, किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच शौचाच्या सवयीत सुरू झालेला बदल यांपैकी काही असेल, तर औषधे बदलत न बसता कोलोनोस्कोपीविषयी विचारणा करा. थायरॉइडची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही उरकून घ्या. डॉक्टरांकडे जाताना चूर्णाची डबी लेबलासकट आणि घरातल्या यच्चयावत गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. कारण निम्मे उत्तर बहुधा त्या पिशवीतच असते.